मे महिन्यात मिरिसा का नको: फोंड्याच्या काकांना उत्तर

काका, नमस्कार.

श्रीलंकेच्या सहलींवरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया लांबलचक आहे, म्हणून बाकीच्या वाचकांसाठी आधी तिचा गोषवारा देते. गोव्याच्या माणसाने समुद्र बघायला श्रीलंकेला जाणं म्हणजे पैशांची उधळपट्टी. मे महिन्याच्या सहलीसाठी मी दक्षिण किनारा गाळून लोकांना पार पूर्व किनाऱ्यावरच्या त्रिंकोमालीला पिटाळलं. आठवड्याभरात दोनच गावं सांगितली, तुमचा टूरवाला तेवढ्याच पैशांत सहा दाखवतो. नाताळच्या सहलीत गॉलला तीन रात्री काढायला सांगितल्या, तर तिथे धड किनारा नाही. आणि शेवटी हुकमाचा एक्का: तुमचा भाचा दक्षिण किनाऱ्यावरच्या मिरिसाला जाऊन आला, समुद्र तळ्यासारखा शांत होता.

भाचा गेला कधी? तुम्हीच लिहिलंय, जानेवारीत. आपल्या वादाचं मूळ तिथेच आहे.

आपल्याला एकाच समुद्राची सवय. जून लागला की दर्या बंद. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलर जेटीला बांधलेले, शॅकवाल्यांनी, म्हणजे वाळूवरच्या हंगामी खानावळवाल्यांनी, झापं उतरवलेली, किनाऱ्यावर लाल बावटे. श्रीलंकेचं तसं नाही. तिथे दोन पावसाळे आहेत. नैर्ऋत्येचा पाऊस मेच्या उत्तरार्धात येतो आणि सप्टेंबरपर्यंत गॉल, मिरिसा, हिक्कडुवा, बेंटोटा या सगळ्या नैर्ऋत्य बाजूला झोडपतो. मध्ये डोंगर आहेत, सगळ्यात उंच शिखर अडीच हजार मीटरच्या वर. ढग तिथे अडतात, आणि पलीकडे पूर्वेला कोरडा, गरम वारा उतरतो. चोर्ल्याचा घाट चढून बेळगावकडे निघालं की पाऊस कसा मागे राहतो, ते तुम्हाला सांगायला नको. डिसेंबर ते फेब्रुवारी हेच उलटं होतं. ईशान्येचा पाऊस त्रिंकोमाली-बट्टिकलोआला भिजवतो, आणि दक्षिण किनारा भाच्याने पाहिला तसा निवांत असतो.

म्हणून मी आधी महिना विचारते. जुलैत पुण्याहून आलेली मंडळी कळंगुटला लाल बावट्यासमोर उभी राहून जीवरक्षकाशी हुज्जत घालतात, तेव्हा आपण गालातल्या गालात हसतो. मेअखेरीला मिरिसाला गेलेल्या गोंयकाराची गत वेगळी होत नाही. टूरवाल्याचा दर स्वस्त का, याचं उत्तरही यातच आहे. मे महिन्यात त्या बाजूच्या हॉटेलांचा मोसम संपलेला असतो, खोल्या पडेल भावाने मिळतात. तो तुम्हाला फसवतोय असं मी म्हणत नाही, पण ब्रोशरवरचा फोटो जानेवारीतला असतो एवढं ध्यानात ठेवा.

आता त्रिंकोमाली. गोव्याच्या माणसाने समुद्र बघायला तिथे जाऊच नये, हे तुमचं म्हणणं मला अर्धं मान्य आहे. वाळू बघायला जाऊ नये. वाळू बाणावलीची कमी नाही. पण आपल्या किनाऱ्याला मांडवी-जुवारी नद्यांचा गाळ येतो, पाणी एरवीही गढूळच. गोव्याजवळच्या ग्रँड आयलंडला तोंडाला नळी लावून उतरलेल्या कुणालाही विचारा, किती दिसलं ते. निलावेलीसमोर साधारण किलोमीटरभरावर पिजन आयलंड आहे. तिथे मेपासून सप्टेंबरपर्यंत पाणी स्वच्छ असतं, कमरेभर खोलीत तोंड खाली घातलं तरी पोवळी आणि मासे दिसतात. काळ्या टोकांच्या पंखांचे छोटे शार्कही फिरतात, ते माणसाच्या वाटेला जात नाहीत. पोवळ्यावर पाय मात्र ठेवू नका. एक तर ते मरतं, दुसरं म्हणजे पाय चांगलाच कापतो.

आणि गाव. किनाऱ्याहून जास्त मी गाव बघते, कारण माणूस पाण्यात असतो दोन-तीन तास, उरलेला दिवस गावात जातो. त्रिंकोमालीत तमिळ, मुसलमान, सिंहली तिन्ही लोक राहतात, बाजारात तिन्हींचं खाणं मिळतं. संध्याकाळी तव्यावर दोन पात्यांनी पराठा कुटून कोत्तु करतात, त्याचा खडखडाट गल्लीच्या तोंडापासून ऐकू येतो. फोर्ट फ्रेडरिकच्या दरवाजातून आत शिरलं की रस्त्यावर ठिपक्यांची हरणं गाईगुरांसारखी हिंडत असतात. त्याच रस्त्याने वर कड्यावर कोनेश्वरमचं देऊळ. जुनं देऊळ सतराव्या शतकात पोर्तुगीजांनी पाडलं आणि त्याचे दगड किल्ल्याला वापरले. कुठ्ठाळीचा मंगेश आणि केळशीची शांतादुर्गा पोर्तुगीजांच्या भीतीने नदीपलीकडे, फोंड्याच्या बाजूला, का न्यावी लागली हे फोंड्याच्या माणसाला कुणी शिकवायला नको. त्या कड्यावर उभं राहून ती गोष्ट ऐकताना ती परक्याची वाटत नाही. कड्याच्या टोकाला एक झाड आहे, त्याला लोक मूल व्हावं म्हणून छोटे लाकडी पाळणे बांधतात. आपल्याकडच्या नवसांची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

किनारे त्या मानाने पटकन सांगून होतात. उप्पुवेली गावाच्या जवळ, रिक्षाने जाण्याएवढं. जेवणखाण्याची सोय बरी. निलावेली आणखी उत्तरेला, शांत, रुंद. लहान मुलं असतील तर दक्षिणेकडचं पासिकुडा बघा. तिथे कितीतरी आत चालत गेलं तरी पाणी कमरेच्या वर येत नाही; पण रिसॉर्टच्या बाहेर करायला काही नाही, दोन रात्रींनंतर मोठी माणसं कंटाळतात. अरुगम बे लाटांवर फळी घेऊन स्वार होणाऱ्यांचं. तुम्ही नि काकी तिथे काय करणार?

सहा गावांचं म्हणाल तर हिशेब करून बघा. विमान कोलंबोजवळच्या कट्टुनायकेला उतरतं. गॉलला द्रुतगती मार्ग आहे, २०११ साली झाला, दोन-अडीच तासांत माणूस पोचतो. त्रिंकोमालीला तसं नाही. अडीचशेच्या आसपास किलोमीटर, दोन पदरी रस्ता, सहा-सात तास. वाटेत दंबुल्ला, सिगिरिया लागतात हे खरं, आणि तिथे एक मुक्काम करावाच. पण ज्याने एका आठवड्यात गॉल, कँडी, नुवारा एलिया, एल्ला, त्रिंकोमाली आणि कोलंबो बसवलं, त्याने तुम्हाला बसच्या काचेतून श्रीलंका विकली. मडगाव ते पेडणे एका दमात केल्यावर घरी येऊन पाठीला काय लावता, ते आठवा.

गॉलबद्दल तुम्ही बरोबर बोट ठेवलंत, पोहायला असा मोठा किनारा तिथे नाही. दीपगृहाखाली चिमुकली पुळण आहे, तीवर गावातली पोरं डुंबतात, एवढंच. तरी मी तीन रात्री सांगितल्या आणि अजूनही सांगेन. डचांनी बांधलेल्या तटाच्या आत सबंध गाव नांदतंय: शाळा, कोर्ट, मशीद, चर्च, पडवीत बसलेले म्हातारे. १९८८पासून ते जागतिक वारसा यादीत आहे. २००४च्या त्सुनामीत तटाबाहेरचं बसस्टँड वाहून गेलं, आतलं गाव त्या भिंतींनी वाचवलं. संध्याकाळी सगळं गाव तटावर फिरायला येतं. पोहायचं असेल तेव्हा उनावटुना रिक्षाने पाव तासावर. पणजीत फोंताइन्हासच्या जुन्या वस्तीत राहून मिरामारला पाय बुडवायला जाणारा माणूस मूर्ख नसतो ना? आपल्यालाच ती सवय नाही, आपण पाण्याला चिकटून खोली घेतो आणि मग रात्रभर शेजारच्या शॅकचं संगीत ऐकतो.

दिवाळीच्या सुट्टीत जाऊ का, असं खाली आणखी दोघांनी विचारलंय. मी जाणार नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाऊस दोन्ही बाजूंना पडतो, वादळंही तेव्हाच. चतुर्थीच्या सुट्टीत पूर्व किनारा उत्तम, पण चतुर्थीला घर सोडून जाणारा गोंयकार मला दाखवा.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, जो रागाच्या भरात का होईना तुम्ही विचारलात: डिसेंबरच्या शेवटी तुम्ही दोघं जाणार, तर काय करावं? तेव्हा त्रिंकोमालीचं नावही काढू नका. इथून बंगळूर किंवा चेन्नईवरून कोलंबो. पहिली रात्र विमानतळाजवळच्या नेगोम्बोला. पोहायला नव्हे, सकाळी मासळीबाजाराकडे जा. वाळूवर काथ्याच्या चटया अंथरून त्यावर खारवलेली मासळी रांगेने वाळत घातलेली असते, बायका ओळीओळीने ती उलटत जातात. पुरुमेंताच्या फेस्ताला, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीच्या बाजाराला, सुकी मासळी भरणाऱ्या काकींना तिथून हलवणं तुम्हाला जड जाईल. गाव बहुतांशी ख्रिस्ती आहे. बाणावलीत जन्मलेले जोसेफ वाझ १६८७मध्ये भिकाऱ्याच्या वेशात या बेटावर उतरले होते. २०१५मध्ये पोपनी त्यांना संतपद दिलं ते कोलंबोत. त्यामुळे ‘गोव्याचा नि श्रीलंकेचा काय संबंध’ हा तुमचा प्रश्न तिथल्या कुठल्याही चर्चबाहेर विचारून बघा.

नेगोम्बोहून कोलंबो, तिथून गॉलची रेल्वे. उजवीकडची खिडकी पकडा, रूळ समुद्राला लागून जातो. तीन रात्री गॉलला काढा, त्यातली एक सकाळ मिरिसाला देवमासे बघायला; नोव्हेंबर ते एप्रिल तिथे निळे देवमासे असतात. बोट पहाटे निघते आणि चांगलीच डोलते. काकींना बस लागत असेल तर आदल्या रात्रीच गोळी घ्या. कोग्गलाला खांबांवर बसलेले मच्छीमार दाखवायला ड्रायव्हर थांबवेल. आता ते बहुतेक फोटोसाठीच बसतात आणि पैसे मागतात, द्यायचे असतील तर आधी ठरवा.

आणि एक. श्रीलंकेत दर पौर्णिमेला सरकारी सुट्टी असते, त्या दिवशी दारूची दुकानं नि बार बंद. प्रतिक्रियेत तुम्ही फेणीचा उल्लेख तीनदा केलाय, म्हणून तिकीट काढण्याआधी कालनिर्णय उघडून बघा.