केबिन चासीला वेल्ड मारा म्हणे! बॉडी रबरवाल्या फॉरवर्डला उत्तर

काल रात्री देवगडवरून मेव्हण्याचा फोन. भावोजी, गुरुवारी वेल्डर येतोय, केबिन कायमची बसवून टाकतो, खडखड बंद. त्याची पिकअप 16 वर्षांची, सीझनला आंब्याच्या पेट्या घेऊन वाशीपर्यंत जाते. हे डोक्यात आलं कुठून विचारलं तर ‘अनुभवी मिस्त्रीचा सल्ला, हजारो रुपये वाचवा’ वाला फॉरवर्ड पाठवला. मला तो आधीच तीन ग्रुपवर येऊन गेलेला, तेव्हा सोडून दिला, आता घरातच घुसलाय म्हणून लिहितोय.

पहिला शोध: बॉडी रबर, म्हणजे केबिन आणि चासी (गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा) यांच्या मध्ये बोल्टने आवळलेले रबरी ठोकळे, गेले तर नवे घालू नका, केबिन थेट चासीला वेल्ड करा. अरे, चासी काय दगडी चौथरा आहे का? भरलेली गाडी एका चाकाने खड्ड्यात उतरली की चासी पिळवटते, ती तशी पिळावी म्हणूनच बनवलेली असते, आणि तो पीळ केबिनपर्यंत जाऊ नये म्हणून मध्ये रबर असतं. वेल्ड मारलं की सगळा पीळ केबिनच्या पत्र्यावर, जो जेमतेम एक मिलीमीटरचा. मग पत्रा वेल्डच्या कडेने चिरतो, दार लागेनासं होतं, पुढची काच तडकते, आणि खडखड होती तिथे आता करकर. वर हे वेल्डिंग होणार कुठे, तर डिझेलचा पाइप, ब्रेकचा पाइप आणि वायरिंगच्या बाजूला. त्या फॉरवर्डमध्ये बॅटरीची वायर काढा एवढंसुद्धा लिहिलेलं नाही!

दुसरा: बोल्ट जाम असेल तर गॅसने लाल करा. यात अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य करतो, हात बसलेला माणूस नुसता नट तापवून सोडवतो. पण तिथे वर केबिनची मॅट, मध्ये रबर, दोन्ही पेट घेणारं. त्यापेक्षा दोन-तीन दिवस आधीपासून डिझेल मारत राहा, वायर ब्रशने आटे साफ करा, पाना थोडा पुढे थोडा मागे करत फिरवा. नाहीच निघाला तर ग्राइंडर.

तिसरा, टायरचे तुकडे कापून घाला. हौद्याखाली पॅकिंगला मी पण घातलेत, तिथे चालतं. केबिनला नाही, कारण खऱ्या रबरच्या मध्ये लोखंडी नळी असते, बोल्ट आवळला की जोर नळीवर येतो आणि रबर मोकळं राहतं. टायरच्या तुकड्यात नळीच नाही, मग आवळाल तेवढं दबत जाणार आणि महिन्याभरात परत ढिलं. कंपनीचंच घ्या असं म्हणत नाही, बाजारातलं नळीवालं चालेल.

एकच गेलेलं बदला, हा चौथा. नवं उंच, जुनी चपटी, केबिन तिरकी. बदलायचे तर सगळे, पुढचं नको बोलायला.

आता शेवटचा, जो वाचून सगळ्यात जास्त डोकं फिरलं: ‘गंज वरवरचा असतो, काळा पेंट मारा’. अमेरिकेत बर्फासाठी रस्त्यावर मीठ टाकतात, तिथे टोयोटाच्या टॅकोमा, टुंड्रा, सेक्वोया गाड्यांच्या चासी इतक्या सडल्या की 2016 मध्ये कोर्टातल्या दाव्यात कंपनीने तडजोड केली, सुमारे 15 लाख गाड्या, 3.4 अब्ज डॉलरपर्यंतचा खर्च, तपासून गरज असेल तिथे अख्खी चासी बदलून द्यायची. वरवरचा गंज असता तर पेंटचा डबा दिला असता ना? आणि आपल्याकडे मीठ टाकायला कोण लागतंय, समुद्राचं वारं आहेच.

दोन वर्षांपूर्वी माझ्या गाडीचा मागचा डावा बोल्ट काढला तेव्हा रबर भाकरीसारखं चपटं होऊन बाहेर आलं, नळी बोल्टला चिकटून एकजीव, आणि बोल्ट मध्येच खाल्लेला, डमरूसारखा. वरून बघितलं तर डोकं एकदम ठणठणीत. रबर ज्यावर बसतं त्या ब्रॅकेटला स्क्रू ड्रायव्हर टोचला तर सरळ आत गेला. तिथे आधी पत्रा कापून नवा लावावा लागला, मग रबर. म्हणून आधी टोचून बघा, मग एका बाजूचे बोल्ट काढा, दुसऱ्या बाजूचे नुसते ढिले करा, जॅकवर लाकडी फळी ठेवून केबिन नवं रबर जाईल इतकीच उचला, आणि उचलताना स्टिअरिंगचा जॉइंट, ब्रेकचे पाइप, गिअरचा दांडा यांच्याकडे एकाने बघत बसायचं.

मेव्हण्याला सांगितलंय रविवारी येतो, तोपर्यंत रोज संध्याकाळी बोल्टवर डिझेल मार. वेल्डर ॲडव्हान्स परत द्यायला तयार नाही, तर म्हटलं त्याच्याकडून मागच्या फाळक्याची तुटकी कडी लावून घे.