खुलासा : ग्राउंड रेंट शून्य झालं, सर्व्हिस चार्ज शून्य झालेला नाही

"इंग्लंडमध्ये लीजहोल्ड फ्लॅटवर आता दरवर्षी काहीच भरावं लागत नाही, मागणी आली तरी भरू नका," असा मेसेज इथल्या मराठी ग्रुपांवर फिरतोय. (लीजहोल्ड म्हणजे ठराविक वर्षांच्या करारावर, म्हणजे लीजवर, घेतलेला फ्लॅट.) त्याचं मूळ माझीच एक अर्धवट पोस्ट आहे. आधी त्याबद्दल माफी.

३० जून २०२२ पासून लागू झालेल्या कायद्याने बहुतेक नव्या लीजवरचं ग्राउंड रेंट, म्हणजे जागेच्या मालकाला द्यायचं भाडं, शून्य झालं, एवढंच. जुनी लीज असलेला फ्लॅट घेतलात तर त्यातलं ग्राउंड रेंटही चालूच राहतं. सर्व्हिस चार्ज, म्हणजे इमारतीच्या देखभाल-खर्चातला आपला वाटा, ही वेगळीच बाब. माझं बिल समोर आहे : ग्राउंड रेंट शून्य, आणि त्याखाली जिन्याची सफाई, इमारतीचा विमा, रिझर्व्ह फंड (पुढच्या मोठ्या कामांसाठीची साठवण), लिफ्ट. मी तळमजल्यावर राहतो, लिफ्टचं बटणही दाबत नाही. पण लीजमध्ये लिहिलंय, म्हणजे वाटा द्यायचाच.

"भरू नका" हा सल्ला तर घातकच. थकबाकीपायी प्रकरण कोर्टात जातं, लीजही धोक्यात येऊ शकते. रक्कम अवाजवी वाटली तर १९८५ च्या लँडलॉर्ड अँड टेनंट कायद्याखाली फर्स्ट-टियर ट्रायब्युनलकडे (असे वाद सोडवणाऱ्या न्यायाधिकरणाकडे) दाद मागता येते, पैसे भरल्यानंतरसुद्धा. दुरुस्तीत एखाद्या फ्लॅटचा वाटा २५० पौंडांवर जाणार असेल, तर इमारतीच्या मालकाने आधी फ्लॅटधारकांना रीतसर नोटीस देऊन विचारायला हवं. नाहीतर ट्रायब्युनलने सूट दिल्याशिवाय त्याला त्याहून जास्त वसूल करता येत नाही.

जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका. ज्यांना पाठवलात त्यांना हा पाठवा, विशेषतः सध्या घर बघत असलेल्यांना.