कार्डाचे फोटो मागवू नका, सीव्हीव्ही तर मुळीच नाही

‘कार्ड फसवणुकीपासून वाचण्याचे सहा उपाय’ असा एक मेसेज व्यापाऱ्यांच्या ग्रुपमधून सध्या जोरात फिरतोय. तो माझ्या मावसबहिणीपर्यंतही पोचला. ती ऑनलाइन विक्री करते. मेसेज वाचून तिने नव्या ग्राहकांकडून कार्डाच्या दोन्ही बाजूंचे फोटो मागवायला सुरुवात केली, आणि बऱ्याच जणांनी ते मुकाट्याने पाठवलेही. मला राग आला तो तिचा नाही, हा मेसेज लिहिणाऱ्याचा. सुरक्षेच्या नावाखाली त्याने प्रामाणिक माणसांच्या हातून चोरांचं काम करून घेतलंय.

सुरुवात दुसऱ्या मुद्द्यापासून करते, कारण खरा घात तिथेच आहे.

‘पुरावा म्हणून ग्राहकाच्या कार्डाचे दोन्ही बाजूंनी फोटो घ्या, सीव्हीव्ही लिहून ठेवा. उद्या वाद झाला तर कामी येईल.’

सीव्हीव्ही, म्हणजे कार्डावर छापलेले ते तीन किंवा चार आकडे, असतात कशासाठी? कार्ड देणारी बँक कार्ड क्रमांक, मुदत आणि स्वतःकडची गुप्त किल्ली वापरून हे आकडे काढते. ते फक्त कार्डावर छापलेले असतात. चुंबकीय पट्टीत असतो तो कोड वेगळा. त्यामुळे कुणी पट्टीवरची माहिती चोरली तरी छापलेले आकडे त्याला मिळत नाहीत, आणि ऑनलाइन खरेदीत ते बरोबर टाकणाऱ्याच्या हातात कार्ड असावं, असा अंदाज बँकेला बांधता येतो. हे आकडे दुसरीकडे कुठेही साठवलेले नाहीत, यावरच त्यांचा सगळा उपयोग उभा आहे. वहीत, एक्सेलमध्ये किंवा फोनच्या गॅलरीत ते गेले की तो संपला. नाव, क्रमांक, मुदत आणि सीव्हीव्ही हे सगळं एका जागी मिळाल्यावर चोराला आणखी काय हवं?

हे माझं मत नाही. व्हिसा, मास्टरकार्ड, अमेरिकन एक्सप्रेस, डिस्कव्हर आणि जेसीबी यांनी २००६ मध्ये स्थापन केलेली परिषद पीसीआय डीएसएस नावाचं, कार्डांची माहिती सुरक्षित ठेवण्याचं मानक चालवते. कार्ड स्वीकारणारा व्यापारी मोठा असो की एकटा, त्याला ते लागू असतं. त्यात स्पष्ट आहे की व्यवहाराला मंजुरी मिळाल्यानंतर व्यापाऱ्याने सीव्हीव्ही साठवायचा नाही. एन्क्रिप्ट करून, म्हणजे सांकेतिक रूपातही नाही. ग्राहकाने ‘ठेवा’ म्हटलं तरी नाही.

आणि पुरावा म्हणून तरी फोटो चालतो का? चोराच्या हातात कार्ड असेल तर फोटो तोही पाठवेल. कार्ड त्याच्याजवळ होतं एवढंच त्यातून कळतं, कार्ड त्याचं होतं हे नाही. वादात उपयोगी पडतं ते वेगळंच. व्हिसाने एप्रिल २०२३ पासून लागू केलेल्या नियमांनुसार, ‘हा व्यवहार मी केलाच नाही’ असं ग्राहक म्हणाला तर व्यापारी त्याच कार्डावरचे आधीचे दोन बिनतक्रार व्यवहार दाखवू शकतो. ते १२० ते ३६५ दिवस जुने हवेत. आयपी अ‍ॅड्रेस (इंटरनेट जोडणीचा क्रमांक), डिव्हाइसची ओळख, लॉगिन आणि डिलिव्हरीचा पत्ता यांपैकी किमान दोन गोष्टी जुळायला हव्यात, आणि त्यांतली एक आयपी किंवा डिव्हाइस हवी. साठवायचंच असेल तर हे साठवा.

साठवलेला सीव्हीव्ही किती महागात पडतो, ते ब्रिटिश एअरवेज या विमान कंपनीच्या प्रकरणात दिसतं. २०१८ मध्ये तिथे डेटाचोरी झाली आणि ऑक्टोबर २०२० मध्ये ब्रिटनच्या माहिती आयुक्त कार्यालयाने कंपनीला २ कोटी पाउंडांचा दंड केला. दंडाचा तो आदेश जाहीर आहे आणि व्यापाऱ्याने वाचावाच असा आहे. चाचणीसाठी बनवलेली एक सोय प्रत्यक्ष वापरातही चुकून सुरू राहिली होती, आणि ती कार्डांचे तपशील उघड्या मजकुरात नोंदवून ठेवत होती, बहुतेकांचे सीव्हीव्हीसुद्धा. एक लाखाहून जास्त कार्डांची ही माहिती आत शिरलेल्या चोरांच्या आवाक्यात आली होती. धंद्यासाठी तिचा काडीचाही उपयोग नव्हता. तिथे ही नोंद निदान चुकून राहिली. हा मेसेज तर मुद्दाम ठेवायला सांगतोय.

ज्यांनी फोटो मागवलेत त्यांनी ते आजच पुसा. चॅटमधून, गॅलरीतून, क्लाउड बॅकअपमधून आणि लॅपटॉपवर घेतलेल्या प्रतीतूनही. मग ग्राहकांना कळवा, म्हणजे ते त्यांच्याकडचा फोटो पुसतील आणि हवं तर कार्ड बदलून घेतील. कळवताना संकोच वाटेल, पण ते त्यांचं कार्ड आहे.

आता पहिला मुद्दा. ‘पेमेंट अ‍ॅप्रूव्ह झालं की पैसे तुमचे, पुढचा तोटा बँकेचा.’ साफ चूक. अ‍ॅप्रूव्हलचा अर्थ एवढाच की कार्ड चालू आहे, खात्यात पैसे किंवा मर्यादा शिल्लक आहे आणि कार्ड चोरीला गेल्याची नोंद अजून झालेली नाही. कार्ड वापरणारा माणूस त्याचा मालक आहे, हे त्यातून ठरत नाही. खऱ्या मालकाने आठवड्यांनी स्टेटमेंट पाहून तक्रार केली की चार्जबॅक येतो, म्हणजे बँक व्यवहार उलटवून पैसे परत मागते. समोर कार्ड नसताना केलेल्या आणि वेगळी पडताळणी न झालेल्या व्यवहारात तो सहसा व्यापाऱ्यावरच पडतो. माल गेलेला असतो, पैसे परत जातात आणि वर चार्जबॅकची फीही लागते. म्हणूनच पहिलीच ऑर्डर मोठी असेल, माल तातडीने हवा असेल, पत्ता मधेच बदलला असेल किंवा एकाच पत्त्यावर वेगवेगळी कार्डं चालवून पाहिली असतील, तर अ‍ॅप्रूव्हल आलं तरी माल थांबवा आणि आधी खातरजमा करा.

तिसरा मुद्दा कुलपाच्या चिन्हाचा: ‘साइटवर कुलूप असेल तर चोरी अशक्य.’ कुलूप ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यामधल्या वाटेची हमी देतं. पानातच परका कोड बसला असेल तर त्याला ते अडवत नाही. पुन्हा ब्रिटिश एअरवेजच बघा. त्यांच्या पेमेंटच्या पानावर कुलूप होतंच. चोरांनी त्या पानावरच्या स्क्रिप्टमध्ये मोजक्या ओळी घुसवल्या, आणि ग्राहक टाकत असलेली माहिती चोरांच्या साइटवरही जाऊ लागली. त्या साइटचं नाव एअरवेजच्या नावासारखंच ठेवलेलं होतं. यावर उपाय म्हणजे कार्डाचा तपशील आपल्या पानावर घ्यायचाच नाही. ग्राहकाला गेटवेच्या, म्हणजे आपल्यासाठी कार्डाचे पैसे स्वीकारणाऱ्या सेवेच्या, पेमेंट पानावर पाठवायचं आणि आपल्या साइटवर नको असलेले प्लगइन (साइटला जोडलेले जादा प्रोग्राम) ठेवायचे नाहीत.

‘हॅकर लहान व्यापाऱ्यांच्या मागे लागत नाहीत.’ या चौथ्या मुद्द्याने लोक गाफील राहतात, आणि चोरांना तेच हवं असतं. चोरीची हजारो कार्डं विकत घेतलेल्या टोळीला त्यांतली कोणती चालू आहेत ते तपासायचं असतं. त्यासाठी त्यांना अगदी लहान, बिनपहाऱ्याचं पेमेंट पान हवं असतं. बॉट, म्हणजे आपोआप चालणारा प्रोग्राम, रात्रभर किरकोळ रकमांचे व्यवहार मारत राहतो. सकाळी व्यापाऱ्याला शेकडो नाकारले गेलेले व्यवहार, काही यशस्वी झालेले, प्रत्येक प्रयत्नाची गेटवे फी आणि बँकेचा इशारा, असं सगळं एकदम दिसतं. कॅप्चा (समोर माणूसच आहे ना हे तपासणारं कोडं) लावा, एका आयपीवरून किंवा एका कार्डावर ठरावीक प्रयत्नांनंतर अडवा, आणि अचानक वाढलेल्या नकारांवर लक्ष ठेवा. शिवाय मोठ्या कंपन्यांतही चोर बऱ्याचदा त्यांना सेवा पुरवणाऱ्यांच्या दारातून शिरतात. एअरवेजमध्ये ते पुरवठादार कंपनीच्या एका कर्मचाऱ्याचं लॉगिन वापरून शिरले होते.

पाचवा मुद्दा, ‘ओटीपी घेतला की चार्जबॅक येत नाही.’ यात अर्धं सत्य आहे, ते मान्य करायलाच हवं. थ्री-डी सिक्युअर पद्धतीने, म्हणजे ऑनलाइन पैसे भरताना बँकेने ओटीपीसारख्या मार्गाने, ग्राहकाची पडताळणी केली असेल, तर ‘हा व्यवहार माझा नाही’ या तक्रारीची जबाबदारी साधारणपणे कार्ड देणाऱ्या बँकेकडे जाते. म्हणून ही सोय मिळत असेल तर जरूर वापरा. पण ‘माल मिळालाच नाही’, ‘वर्णनाप्रमाणे नव्हता’, ‘परतावा दिला नाही’ या तक्रारी तिच्या कक्षेत येत नाहीत. तिथे डिलिव्हरीची पोच आणि ग्राहकाशी झालेला पत्रव्यवहारच लागतो. आणि फोनवरून ग्राहकाचा ओटीपी विचारून तो आपणच टाकणं हा या सोयीचा वापर नव्हे. ओटीपी ग्राहकाने स्वतः, बँकेच्या पानावर टाकायचा असतो.

राहिला सहावा: ‘ग्राहकाने चुकून जास्त पैसे भरले तर तो सांगेल त्या खात्यात फरक लगेच परत करा, विश्वास वाढतो.’ हा फसवणुकीचाच जुना सापळा आहे. चोर चोरीच्या कार्डाने मुद्दाम जास्त रक्कम भरतो, फरक ‘ट्रान्सपोर्टवाल्याच्या’ खात्यात पाठवायला सांगतो, आणि काही दिवसांनी मूळ व्यवहारावर चार्जबॅक येतो. फरक गेलेला असतो, मूळ रक्कमही जाते. परतावा ज्या कार्डावरून पैसे आले त्याच कार्डावर, गेटवेमधूनच करा. समोरचा कितीही घाई करो, दुसरं खातं देऊ लागला की ऑर्डर तिथेच थांबवा.