पिंग्याओ 'सेट' नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

चीनच्या शान्शी प्रांतातल्या पिंग्याओ या तटबंदीच्या जुन्या गावावर मी लिहिलेल्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया मनाला लागली, म्हणून सविस्तर लिहिते. तुमचं म्हणणं असं की पिंग्याओ हा पर्यटकांसाठी सजवलेला सेट आहे, आणि वेगवान गाडी असताना मी ताइयुआन या प्रांताच्या राजधानीहून साध्या गाडीने रखडत गेले तो निव्वळ हट्ट.

आधी गाडीचं. वेगवान गाडीचं स्टेशन २०१४ पासूनचं, जुन्या गावापासून लांब. तिथून पुन्हा बस किंवा टॅक्सी पाहावी लागते. जुन्या स्टेशनवरून तटापर्यंत मी पाठीवर पिशवी टाकून चालत गेले. शान्शी हा कोळशाचा प्रांत. शेजारच्या रुळावरून वाघिणींमागून वाघिणी जात होत्या. समोरच्या आजी डब्याच्या टोकाच्या बंबातून गरम पाणी आणायला उठल्या, तेव्हा न विचारता माझी बाटलीही घेऊन गेल्या. तो वेळ वाया गेला असं मला वाटत नाही. मात्र हाताशी दिवस कमी असतील तर बीजिंगहून वेगवान गाडी चारेक तासांत पोचवते, हे लेखात सांगायचं राहिलं. ती चूक माझी.

'सेट' मात्र मान्य नाही. मुख्य रस्त्यावर दर चौथ्या दुकानात तेच व्हिनेगर, तेच लाकडी कंगवे, हे खरं आहे, मलाही ते खटकलं. पण सहा किलोमीटरचा तो तट १३७० साली मिंग राजवटीत बांधलेला आहे, आत चोपून बसवलेली माती आणि बाहेरून विटा. १९८०च्या सुमारास रस्तारुंदीसाठी जुनी घरं पाडायला सुरुवातही झाली होती. शांघायच्या तोंगजी विद्यापीठातले रुआन यीसान मध्ये पडले, नवं गाव तटाबाहेर वसवायचा आराखडा त्यांनी करून दिला, म्हणून १९९७ साली युनेस्कोच्या यादीत घालायला काही उरलं. ऑक्टोबर २०२१च्या पावसात तटाचा सुमारे २५ मीटरचा भाग ढासळला. माती आहे, ती खचते, आणि पुन्हा चोपावी लागते.

रिशंगचांगची पेढी तुम्ही घाईत पाहिली असावी. आधी हे रंगाचं दुकान. १८२३च्या सुमारास त्याची पेढी झाली आणि चांदी गाड्यांवर लादून न्यायच्या ऐवजी चिठ्ठीवर पैसे फिरू लागले, थेट आपल्या हुंडीसारखे. खोट्या चिठ्ठ्या ओळखायला महिन्यांसाठी सांकेतिक अक्षरं होती. बारा महिन्यांची बारा अक्षरं ओळीने वाचली की अर्थ निघतो: खोट्या चिठ्ठीवर पैसे जाऊ देऊ नका, अक्षर आणि शिक्का नीट पाहायला विसरू नका. काचेमागे ती ओळ समजावून घेताना मी कितीतरी वेळ तिथेच उभी होते.

तुम्ही टूरबरोबर दुपारचे तीन तास होतात, असं लिहिलंय. पुन्हा गेलात तर एक रात्र तटाच्या आत राहा आणि सकाळी सहाला मागच्या गल्ल्यांत शिरा. मी गेले तेव्हा एक बाई दाराशी थंडीच्या बेगमीचे कोबीचे गड्डे रचत होती. मी वाटेत उभी होते, तर तिने हातानेच मला बाजूला व्हायला सांगितलं आणि पुढचा गड्डा उचलला.