‘व्हिडिओ चालत नाही? हे ६ उपाय करा’ या मेसेजला माझं उत्तर

परवा परत तो मेसेज आला. आधी घरच्या ग्रुपवर काकांनी टाकला, मग तोच सोसायटीच्या ग्रुपवर, खाली ‘शंभर टक्के खात्रीशीर, सेव्ह करून ठेवा’. कम्प्युटरवर ऑनलाइन व्हिडिओ अडकत असेल, काळा पडत असेल किंवा एरर येत असेल तर म्हणे हे सहा उपाय एका दमात करा: फ्लॅश प्लेयर अपडेट करा, कोडेक पॅक टाका, ब्राउझरची सगळी हिस्टरी उडवा, हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन कायमचं बंद करा, डीएनएस बदला, आणि तरी नाही जमलं तर नेटचा प्लॅन वाढवा. म्हणजे ताप येवो, खोकला येवो नाहीतर पाय मुरगळो, सगळ्याला एकच काढा. आमच्या नातेवाइकांत कम्प्युटरचं सगळं माझ्याच गळ्यात असतं त्यामुळे हे उपाय करून बसलेली मशीन्स शेवटी माझ्याकडेच येतात, म्हणून एकदाच काय ते लिहितोय.

पहिला उपाय फ्लॅशचा, आणि सगळ्यात घातक तोच. अहो फ्लॅश, म्हणजे पूर्वी ब्राउझरमध्ये व्हिडिओ चालवायला लागायचा तो जोडप्रोग्राम, आता नाहीच! अडोबीने ३१ डिसेंबर २०२० ला सपोर्ट थांबवला आणि १२ जानेवारी २०२१ पासून फ्लॅशमध्ये काही चालूच नये अशी सोय करून टाकली, यूट्यूब तर २०१५ लाच एचटीएमएल-फाइव्ह, म्हणजे ब्राउझरच्या अंगच्याच प्लेयरवर गेलं होतं. मग ‘तुमचा फ्लॅश जुना झालाय, इथे क्लिक करा’ म्हणणारं पान तुम्हाला नक्की काय डाउनलोड करायला लावतंय? व्हायरस घुसवायची ही फार जुनी युक्ती आहे. मशीनवर अजून पडलेला असेल तर काढून टाका.

कोडेक पॅक, म्हणजे वेगवेगळ्या प्रकारच्या व्हिडिओ फाइल उलगडणाऱ्या प्रोग्रामचा गठ्ठा. पेन ड्राइव्हवरची एखादी जुनी फाइल चालत नसेल तर ठीक, त्यालाही व्हीएलसी प्लेयर पुरतो. ब्राउझरमधल्या व्हिडिओला या पॅकचा काही उपयोग नाही.

हिस्टरी उडवा म्हणतात, पण कुठल्या साइटवर गेला होतात त्या यादीचा व्हिडिओशी संबंध काय? कुकी आणि कॅशे (साइटने तुमच्या मशीनवर ठेवलेल्या नोंदी आणि फाइल) खराब झाली तर त्रास होतो हे खरंय, पण म्हणून सगळं साफ करायचं नसतं. आमच्या एका काकूंनी सगळ्या खुणांवर टिक करून साफ केलं, त्यात सेव्ह केलेले पासवर्डही गेले, व्हिडिओ तो होता तिथेच. त्यापेक्षा आधी इनकॉग्निटो (खासगी) विंडोत तोच व्हिडिओ लावून बघा, तिथे जुन्या कुकी नसतात आणि एक्स्टेन्शनही (ब्राउझरला वरून जोडलेले छोटे प्रोग्राम) सहसा बंद असतात. तिथे चालला तर गडबड त्या दोनपैकी एकात आहे. मग एक्स्टेन्शन एकेक करून बंद करत जा, आणि कुकी उडवायच्या तर फक्त त्या साइटच्या.

आता हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन, म्हणजे व्हिडिओ उलगडायचं काम प्रोसेसरऐवजी ग्राफिक्स चिपवर टाकणं, यात अर्धं खरं आहे म्हणून लोक फसतात. आवाज येतोय पण चित्र हिरवं किंवा काळं, असं असेल तर बऱ्याचदा ग्राफिक्सचा ड्रायव्हर (ती चिप चालवणारा प्रोग्राम) बिघडलेला असतो आणि ते बंद केलं की चित्र दिसायला लागतं. पण ती झाली तपासणी, उपाय नव्हे. ड्रायव्हर नीट केला की परत चालू करायचं, कारण ते बंद असताना व्हिडिओ उलगडायचं सगळं काम प्रोसेसरवर पडतं, पंखा बोंबलायला लागतो आणि मग नवीनच अडकणं सुरू. जुन्या मशीनची तर आणखी वेगळी गोष्ट. यूट्यूब हल्ली बरेच व्हिडिओ व्हीपी-नाइन नाहीतर एव्ही-वन या नव्या कोडेकमध्ये पाठवतं, इंटेलमध्ये एव्ही-वनसाठी हार्डवेअर आलं तेच मुळी अकराव्या जनरेशनला, आणि सेकंडहँड घेतलेला थर्ड जनरेशनचा आय-थ्री यातलं काहीच हार्डवेअरवर करू शकत नाही. तिथे सरळ ७२० च्या क्वालिटीवर बघा.

डीएनएस फक्त साइटचा पत्ता शोधून देतो. व्हिडिओ एकदा सुरू होऊन मध्येच अडकतोय तर पत्ता सापडलेलाच आहे ना? पुढे.

प्लॅन वाढवायच्या आधी एक मिनिट. यूट्यूबच्या चालू व्हिडिओवर राइट क्लिक करा, सगळ्यात खाली ‘स्टॅट्स फॉर नर्ड्स’ असतं ते दाबा, कोपऱ्यात एक काळी चौकट येईल. तिच्यात दोनच ओळी बघायच्या. बफर हेल्थचा आकडा म्हणजे पुढचा किती सेकंदांचा व्हिडिओ आधीच येऊन पडलाय ते, आणि ड्रॉप्ड फ्रेम्स म्हणजे मशीनला दाखवायला न जमलेल्या फ्रेम. बफर शून्याला टेकतोय आणि चक्र फिरतंय तर नेट कमी पडतंय. बफर चांगला वीस-तीस सेकंद आहे तरी ड्रॉप्ड फ्रेम्स भराभर वाढतायत तर दोष तुमच्या कम्प्युटरचा, मग प्लॅन तीनशेचा घ्या नाहीतर हजारचा, काही फरक नाही. तसंही १०८० च्या व्हिडिओला यूट्यूब स्वतः ५ एमबीपीएसचा वेग पुरे म्हणतं. बफर खरंच संपत असेल तरी आधी लॅनची वायर थेट लावून बघा, कारण राउटर हॉलमध्ये, कम्प्युटर आतल्या खोलीत आणि मध्ये दोन भिंती असा प्रकार घरोघरी असतो.

आणि या मेसेजमध्ये जे नाहीच ते आमच्या मामांकडे निघालं. ‘रोज सकाळी व्हिडिओ बंद, दुपारी तू फोनवर सांगतोस तसं केलं की चालू’, अशी तक्रार. फोनवर मी तारीखच नीट करायला सांगायचो, पण ती रोज कशी बिघडते ते कळेना, म्हणून जाऊन बसलो. साइट उघडली की पानभर इशारा, घड्याळ मागे आहे म्हणून, आणि खाली कोपऱ्यात तारीख १ जानेवारी २०१५. सुरक्षित साइटच्या सर्टिफिकेटला, म्हणजे साइट खरी असल्याच्या दाखल्याला, कधीपासून कधीपर्यंत अशी मुदत असते, कम्प्युटरच २०१५ मध्ये बसलाय म्हटल्यावर ब्राउझर ते सर्टिफिकेट मानत नाही. मामा रात्री झोपताना भिंतीवरच्या बोर्डाचं बटण बंद करतात, मग घड्याळ चालतं ते मदरबोर्डवरच्या नाण्याएवढ्या सेलवर, सीआर २०३२, आणि तो कधीच मेला होता. जुना नखाने उचकटून काढला, कोपऱ्यावरच्या दुकानातून चाळीस रुपयांचा नवीन आणून बसवला, तारीख लावली, कीर्तन सुरू. मामा मात्र गप्पच. आदल्या दिवशीच तो मेसेज वाचून त्यांनी नेटचा प्लॅन वाढवून घेतला होता, वर्षभराचे पैसे एकदम भरून.