खोतीविरुद्ध विधेयक आणणारे बाबासाहेब आमच्या कोकणाला आठवतात का?

जयंतीला ‘घटनेचे शिल्पकार’ म्हणून हार घातला की बाबासाहेबांविषयीचं आपलं बोलणं संपतं. 1927 पासून मुंबई प्रांताच्या कायदेमंडळात त्यांनी काय केलं, हे आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातसुद्धा फारसं कुणी सांगत नाही. मला याचं फार वाईट वाटतं, कारण त्यातलं मोठं काम आमच्या माणसांसाठी होतं.

खोती ज्यांनी भोगली ती पिढी आता उरली नाही. सारा गोळा करून सरकारात भरायचा, एवढंच खोताचं काम. पण गावात मालक असल्यासारखा वागणार तोच. भात झोडून झालं की खळ्यावर मापं पडायची आणि अर्धेलीत निम्मं भात खोताकडे जायचं. वर वेठ होतीच, म्हणजे आधी खोताचं शेत, मग आपलं. या कुळांत महार होते, तसेच कुणबी, आगरी, भंडारीही होते. बाबासाहेबांना एकाच समाजाचा पुढारी म्हणणाऱ्यांनी एवढं तरी ध्यानात घ्यावं.

मुंबई हायकोर्टात वकिली, ‘मूकनायक’, मग ‘बहिष्कृत भारत’, ज्याचे रकानेच्या रकाने ते एकहाती लिहून काढत, आणि 1930 पासून ‘जनता’. हे सगळं अंगावर घेऊन 1936 साली त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला आणि पुढच्याच वर्षी निवडून आले. 17 सप्टेंबर 1937 ला त्यांनी खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. कसणाऱ्याला जमिनीवर हक्क द्यायचा, पण खोतालाही वाजवी भरपाई द्यायची, असा तो मसुदा होता. संतापाच्या भरात लिहिलेला नव्हे, कोर्टात टिकेल असा. त्यात मला मुरलेला वकील दिसतो.

जानेवारी 1938 मध्ये कोकणातले शेतकरी मुंबईत येऊन कौन्सिल हॉलवर मोर्चाने गेले. तरीही विधेयक मंजूर झालं नाही. सरकार काँग्रेसचं होतं, मुख्यमंत्री बाळासाहेब खेर. खोती गेली ती 1949 च्या कायद्याने, तेव्हाही मुख्यमंत्री खेरच. मधली बारा वर्षं खळ्यावरची मापं चालूच राहिली. हा उशीर कुळांनी सोसला आणि त्याची जबाबदारी तेव्हाच्या सरकारवरच आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

ज्यांच्या जमिनी खोतीतून सुटल्या, त्या प्रत्येक घरात 17 सप्टेंबर ही तारीख माहीत असली पाहिजे. आपल्या शाळांनी तरी ती मुलांना सांगावी.