बकलात क्लिप खुपसली की एअरबॅग उघडते म्हणे!

सीटबेल्टच्या बीपवर 'रामबाण उपाय' सांगणारा तो मेसेज अखेर घरच्या ग्रुपवर येऊन थडकला. खाली दोन काकांचे अंगठे, आत्याचं "उपयुक्त माहिती", आणि एका भाच्याने क्लिप मागवलीसुद्धा. म्हणून हे लिहिणं भाग आहे.

मेसेज न पोचलेल्या भाग्यवंतांसाठी थोडक्यात सांगतो. एक, बकलात दीडशे रुपयांची धातूची क्लिप खुपसा, गाडीला बेल्ट लावल्यासारखं वाटतं, बीप बंद होते आणि वर एअरबॅगही उघडते. दोन, क्लिप नको असेल तर सीटखालचा पिवळा कपलर (वायरींचा प्लगसारखा जोड) ओढून काढा, दोन मिनिटांचं फुकट काम. तीन, इग्निशन चालू करून बेल्ट नऊ वेळा लावा-काढा, बीप कायमची जाते, कंपन्या हे लपवतात. चार, मागच्या सीटला बेल्टची सक्तीच नाही. पाच, बीप हा सर्व्हिस सेंटरचा धंदा आहे, साध्या बकलासाठी हजारो रुपये उकळतात.

पहिल्या मुद्द्यातलं "वर एअरबॅगही उघडते" हे वाक्य लिहिणाऱ्याला कोपरापासून नमस्कार. त्याला वाटतं की बेल्ट न लावल्यास एअरबॅग उघडत नाही, म्हणून गाडीला फसवायचं आणि बेल्टशिवाय एअरबॅग पदरात पाडून घ्यायची. यातला एक धागा खरा आहे, तेवढा मान्य करतो. बकलातल्या स्विचची खबर एअरबॅगच्या कंट्रोल युनिटकडे जाते आणि काही गाड्यांत त्या खबरीवर निर्णय बदलतो. पण कसा बदलतो? अमेरिकेतल्या विमा कंपन्यांची महामार्ग सुरक्षा संस्था सांगते की कठीण भिंतीवर आदळताना बेल्ट न लावलेल्या माणसासाठी पुढची एअरबॅग साधारण ताशी १६ ते १९ किमीलाच उघडते. बेल्ट लावलेल्यासाठी मात्र सुमारे २५ किमीपर्यंत थांबते, कारण तोवर बेल्ट पुरेसा असतो. म्हणजे अशा गाडीत क्लिप खुपसलीत, तर युनिट समजतं की हा बेल्टमध्ये आहे, थांबू या. बेल्ट नाही आणि एअरबॅगही उशिराच्या हिशोबाने. मेसेज सांगतो त्याच्या बरोब्बर उलट.

आता धडक जोराची आहे आणि एअरबॅग उघडली, असं धरू. ती फुगते सुमारे ३० ते ४० मिलिसेकंदांत, तुमच्या दिशेने ताशी ३०० किमीच्या आसपास वेगाने. छाती आणि स्टीअरिंगमधल्या झाकणात किमान २५ सेंटिमीटर अंतर ठेवा असं सांगतात ते याचसाठी. धडकेच्या आधी माणूस बहुधा ब्रेक दाबतो, आणि बेल्ट नसला की ब्रेकसरशी अंग पुढे सरकतं. ते अंतर तिथेच संपतं. पूर्ण फुगलेल्या पिशवीवर टेकायचं, तर हा फुगत असलेल्या पिशवीवर तोंड देतो. एअरबॅगच्या यंत्रणेच्या 'सप्लिमेंटल रिस्ट्रेंट सिस्टिम' या इंग्रजी नावातला पहिला शब्दच 'पूरक' अशा अर्थाचा आहे. मुख्य काम बेल्टचं. धडक ओळखताच बेल्टमधला प्रीटेन्शनर, म्हणजे छोटासा स्फोटक गोळा, पट्ट्याची ढिलाई काही मिलिसेकंदांत ओढून घेतो आणि माणसाला सीटला धरून ठेवतो. क्लिप लावलेल्या गाडीत तोच गोळा रिकाम्या पट्ट्यावर फुटू शकतो. पट्टा दाराशेजारच्या खांबाला घट्ट आवळला जातो, माणूस मोकळाच राहतो, आणि नंतर तो बेल्ट नवाच घ्यावा लागतो.

ताशी ५० किमी म्हणजे "गावातल्या गावात" असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी साधं गणित: त्या वेगाने भिंतीवर आदळणं म्हणजे जवळपास १० मीटरवरून, तिसऱ्या मजल्यावरून, खाली पडणं. हात टेकवून सावरू म्हणणाऱ्यांनी तिथून हात टेकवून पाहावं.

क्लिपचा आणखी एक उपद्रव कोणी सांगत नाही. बाजारातल्या क्लिपांची जाडी आणि कडा मूळ बेल्टच्या जिभेशी तंतोतंत जुळत नाहीत. काही महिने खुपसून ठेवली की आतला खटका ढिला होतो, लाल बटणाची स्प्रिंग बसते. मग शहाणपण सुचून खरा बेल्ट लावला, तर तो अर्धवट बसतो किंवा लावूनही बीप वाजते. बीप घालवायला आणलेली वस्तू बीप कायमची करून जाते.

आणि ही नुसती माझी कुरकुर नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे २०२३ मध्ये या क्लिपा विकल्याबद्दल ॲमेझॉन, फ्लिपकार्ट, स्नॅपडील, शॉपक्लूज आणि मीशो या पाच कंपन्यांविरुद्ध आदेश काढले. १३,११८ जाहिराती उतरवल्या गेल्या. काही विक्रेते ही चीज बॉटल ओपनर किंवा सिगारेट लायटर म्हणून विकत होते, हेही तिथेच नोंदलं आहे. माल इतका निर्दोष असता तर वेषांतर कशाला? त्याच निवेदनात रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाचा आकडा आहे: २०२१ मध्ये सीटबेल्ट न लावल्याने १६ हजारांवर माणसं मेली, त्यांत ८,४३८ चालक आणि ७,९५९ सोबतचे प्रवासी. शिवाय अशी क्लिप वापरली तर विमा कंपनी निष्काळजीपणाचं कारण दाखवून दावा नाकारू शकते, असा इशाराही आहे. मेसेजवाल्याने हे निवेदन वाचलं असतं तर बरं झालं असतं. पण वाचणारे फॉरवर्ड करत नाहीत.

दुसरा मुद्दा पिवळ्या कपलरचा. हा पहिल्यापेक्षा कमी विनोदी आणि जास्त घातक आहे. गाडीत पिवळं वायरिंग आणि पिवळे कपलर हे एअरबॅग व प्रीटेन्शनरच्या यंत्रणेचे असतात, हाताळू नये म्हणूनच तो रंग. सीटखाली सहसा दोन-तीन कपलर असतात: बकलच्या स्विचचा, शेजारच्या सीटवर कोणी बसलंय का हे पाहणाऱ्या सेन्सरचा, आणि सीटच्या पाठीत बाजूची एअरबॅग असेल तर तिचा पिवळा. कोणता कशाचा हे न बघता पिवळा ओढला, तर बीप जाईलच असं नाही. कंट्रोल युनिटला मात्र सर्किट तुटलेलं दिसतं आणि मीटरमधला एअरबॅगचा दिवा लागून राहतो. दिवा लागलेला असताना कोणती एअरबॅग उघडेल आणि कोणती नाही, यावर पैज लावू नका. बरं, कपलर परत जोडला तरी बऱ्याच गाड्यांत दिवा आपोआप जात नाही. एरर कोड साठून राहतो आणि तो एअरबॅग वाचणाऱ्या स्कॅनरनेच पुसावा लागतो. ऑनलाइन मिळणारे स्वस्त ब्लूटूथ डोंगल बहुधा इंजिनाचेच कोड वाचतात. म्हणजे फुकट कामासाठी शेवटी सर्व्हिस सेंटरचीच पायरी.

कोणी हौशी मल्टिमीटर घेऊन त्या पिवळ्या कपलरचा रोध मोजायला जाईल, म्हणून स्पष्टच सांगतो: ते करू नका. मीटर मोजताना करंट सोडतो, आणि समोर स्फोटक गोळा आहे. जाणकार मेकॅनिकसुद्धा आधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढतो, गाडीच्या पुस्तिकेत दिलेला वेळ थांबतो (कुठे दीड मिनिट, कुठे तीन) आणि मगच तिथे हात घालतो.

नऊ वेळा लावा-काढा हा प्रकार फोर्डच्या अमेरिकी गाड्यांतून आलेला दिसतो. तिथे मालकाच्या पुस्तिकेतच अशी कृती छापलेली असे, तेव्हा "कंपन्या लपवतात" हे आधीच बाद. संयुक्त राष्ट्रांचा सीटबेल्टविषयीचा १६ क्रमांकाचा नियम बीप काही काळ बंद करण्याची मुभा देतो, अटीसह: ती कृती बेल्ट लावण्या-काढण्यापेक्षा जास्त किचकट असली पाहिजे. तुमच्या हॅचबॅकच्या पुस्तिकेत ती नसेल तर ९ काय, ९० वेळा करा. बकल झिजेल.

मागच्या सीटला सक्ती नाही? केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १३८ (३) मध्ये समोर तोंड असलेल्या मागच्या सीटवरच्या माणसांचाही स्पष्ट उल्लेख आहे आणि कलम १९४-ब खाली दंड १,००० रुपये. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघरमध्ये चारोटीजवळ सायरस मिस्त्रींच्या गाडीत मागे बसलेले दोघे बेल्टविना होते. दोघेही गेले, पुढचे दोघे जबर जखमी होऊन वाचले. मुंबई पोलिसांनी त्याच वर्षी १ नोव्हेंबरपासून सर्व प्रवाशांसाठी कारवाई जाहीर केली. यावर आणखी काय बोलायचं?

राहिला पाचवा मुद्दा. बीप हा सर्व्हिस सेंटरचा धंदा नाही. चालक आणि शेजारी यांच्यासाठी ती १ जुलै २०१९ पासून नियमानेच सक्तीची आहे. वैतागही नवा नाही. अमेरिकेत १९७४ च्या मॉडेलांना बेल्ट लावल्याशिवाय इंजिन सुरूच होत नसे. लोक इतके खवळले की त्यांच्या संसदेने त्याच वर्षी ती सक्ती मोडीत काढली आणि बझरलाही ८ सेकंदांची मर्यादा घातली. पण सर्व्हिस सेंटरबद्दलची तक्रार अगदीच हवेतली नाही, हे नाइलाजाने कबूल करतो. बेल्ट लावूनही बीप वाजते अशी तक्रार घेऊन गेलं की सीटखाली न वाकताच "पूर्ण असेंब्ली बदलावी लागेल" सांगणारे सर्व्हिस ॲडव्हायझर आहेत. त्यांच्याकडे जाण्याआधी घरी दहा मिनिटं द्या.

इंजिन बंद ठेवून इग्निशन चालू करा. बेल्ट सावकाश लावा-काढा आणि मीटरमधल्या बेल्टच्या दिव्याकडे बघा. जीभ आत असताना ती किंचित डावी-उजवीकडे दाबल्यावर दिवा विझत असेल तर दोष बकलच्या स्विचमध्ये. सीट पुढे-मागे सरकवल्यावर दिवा लागत-विझत असेल तर कपलर ढिला आहे किंवा वायर सीटच्या रुळात घासते आहे. दिवा कशालाच दाद देत नसेल तर कपलर निघालेला असण्याची शक्यता पहिली, स्विच गेल्याची दुसरी. या सगळ्याचा मोबाइलवर व्हिडिओ काढा, कारण सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी हमखास शहाण्यासारखी वागते.

बकलात टॉर्च मारून बघा. नाणं, चिवड्याचे कण, चॉकलेटचा कागद, काहीही निघतं. बकल उलटं करता येत नसेल तर हाताच्या ब्लोअरने कोरडी हवा मारा. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची नको, त्यात पाणी असतं. तेलाचा स्प्रे तर मुळीच नको, त्यावर धूळ चिकटते आणि महिन्याभरात आणखी घट्ट होतं. नवे सीटकव्हर बसवल्यानंतर त्रास सुरू झाला असेल तर आधी कव्हरवाल्याला धरा. घट्ट ओढलेल्या कव्हराने शेजारच्या सीटचा सेन्सर कायम दाबला जातो, वायर ताणली जाते, आणि पाठीतल्या एअरबॅगच्या शिवणीवरून कव्हर गेलं असेल तर ती वेगळीच भानगड. पावसाळ्यात गाडीत पाणी शिरलं असेल तर गालिच्याखालची ओल आणि कपलरच्या पिनांवरचा हिरवा थर तपासायला सांगा.

शेजारच्या सीटवर भाजीची पिशवी ठेवली की बीप वाजते, हा तर बिघाडच नाही. सेन्सरला वजन कळतं, भोपळा कळत नाही. पिशवी त्याच सीटच्या पुढे, पायाशी ठेवा. ब्रेक मारल्यावर ती तशीही तिथेच जाणार आहे.

एवढं करूनही जावं लागलंच तर जॉब कार्डवर "बीपची तक्रार" असं मोघम लिहू देऊ नका. "चालकाचा बेल्ट लावूनही दिवा लागतो, सीट मागे सरकवल्यावर विझतो" असं लिहून घ्या. त्याखाली "मंजुरीशिवाय पार्ट बदलू नये". स्कॅनरवर आलेल्या कोडची प्रिंट मागा. बकल आणि खांबातला गुंडाळणारा बेल्ट हे सहसा वेगळे पार्ट असतात, दोन्हींचे पार्ट नंबर आणि किंमत काउंटरवर वेगवेगळी विचारा. काही मॉडेलांत प्रीटेन्शनर बकललाच जोडलेला असतो, तिथे किंमत खरोखरच चढी असते, तेव्हा आकडा ऐकून लगेच भांडू नका, आधी ते विचारा. वॉरंटी शिल्लक असेल तर हे काम त्यात बसतं का, हे लेखी घ्या. वायर कापलेली किंवा क्लिपने बकल खिळखिळं केलेलं दिसलं तर ते वॉरंटी नाकारतील, आणि तेव्हा त्यांचं चूक म्हणता येणार नाही. जुना पार्ट परत मागा.

भाच्याची क्लिप अजून रस्त्यात आहे. घरी आली तर तिने बाटली उघडावी, विकणाऱ्यांनी तोच उपयोग सांगितला होता.